बाबूजी रुंद का दिसू लागले?

हलका धान निघाला, चुरणे आटोपले आणि कोठी भरली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात माणसे मोकळी होतात. दिवाळीच्या पाठोपाठ गावोगावच्या मंडया भरतात, दंडारी उभ्या राहतात, रात्री नाटके रंगतात आणि तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते. या सगळ्या गर्दीत एक नवे काम घराघरांत शिरले आहे. ते म्हणजे व्हिडिओ काढणे आणि तो जोडून, कापून, नीट करून पाहुण्यांना दाखवणे. पूर्वी हे काम एखाद्या स्टुडिओवाल्याचे असे. आज दहावीतली पोरगीही मोबाइलवर ते करते. काम सोपे झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण सोप्या कामात एक खोड लपलेली आहे. तिने आमच्या घरी काय केले, ते आज सांगतो. वाचकहो, ही हकीगत वाचून तुमच्या माळ्यावरची एखादी जुनी कॅसेट वाचली, तर लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

कॅसेटमधले बाबूजी

आमच्या ताईचे लग्न १९९६ साली झाले. तेव्हा गोंदिया हा जिल्हा नव्हता. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. लग्नात व्हिडिओ शूटिंग करणे ही त्या काळी मोठी चैन होती. बाबूजींनी ती हौसेने केली. खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक माणूस, त्याच्या मागे प्रखर दिवा आणि लांबलचक वायर सांभाळणारा पोरगा, आणि मांडवाबाहेर धडधडणारे जनरेटर. एवढा तो थाट होता. त्यातून दोन कॅसेटी निघाल्या.

काही वर्षांनी बाबूजी गेले. त्यांच्याआधी आजी गेली. दोघांचे फोटो आहेत. पण चालणारे, बोलणारे, पाहुण्याला हात जोडणारे बाबूजी फक्त त्या कॅसेटीत उरले. व्हीसीआर बिघडला, तो कोणी दुरुस्त करीना, आणि कॅसेटी ट्रंकेत पडून राहिल्या.

ताईच्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा सर्वांच्या मनात आले की, मांडवात मोठा टीव्ही लावून आईच्या लग्नाची कॅसेट लेकीच्या लग्नात दाखवावी. मी कॅसेटी घेऊन शहरातल्या एका दुकानी गेलो. आठ दिवसांनी पेन ड्राइव्ह मिळाला. संध्याकाळी माय, ताई, लेकरेबाळे सगळी टीव्हीसमोर बसली. चित्र सुरू झाले. पडदा काठोकाठ भरलेला, रंगही बरे. बाबूजी मांडवाच्या दारात उभे होते.

माय पुढे सरकून पाहू लागली. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाली, “नाही रे बापा, हे तुझे बाबूजी नाहीत. एवढे भरलेले ते कधीच नव्हते.”

आम्ही सगळे गप्प झालो. बाबूजी काडीसारखे सडपातळ होते. जन्मभर चिखलात रोवणी केलेला माणूस तो. पडद्यावरचा माणूस मात्र रुंद गालांचा, बसक्या बांध्याचा होता. चाल बाबूजींची, धोतर बाबूजींचे, पण माणूस परका. मायच्या डोळ्यांत आलेले पाणी आनंदाचे नव्हते.

चाक गोल दिसते का?

ताईचा मुलगा खरिपात शेती करतो आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात लग्नांचे व्हिडिओ जोडून देतो. त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, “मामाजी, तोंडाकडे पाहू नका. ती मागची बैलगाडी पाहा. तिचे चाक कसे दिसते?”

चाक आडवे पसरलेले होते. अंडे आडवे ठेवावे तसे.

“बस्स, इथेच खोड आहे,” तो म्हणाला. “चित्र ताणले आहे.”

मग त्याने जे समजावले ते प्रत्येक घराने लक्षात ठेवावे असे आहे. जुन्या टीव्हीचा पडदा चार हात रुंद तर तीन हात उंच, अशा प्रमाणाचा असे. आजचा टीव्ही सोळा हात रुंद तर नऊ हात उंच, या प्रमाणाचा असतो. दोन्ही पडदे नऊ हात उंचीचे धरले, तर जुन्याची रुंदी बारा हात होते आणि नव्याची सोळा. म्हणजे जुने चित्र नव्या पडद्यावर बसवले की चार हात जागा रिकामी राहते, डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन. ही रिकामी जागा काळ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसते. गिऱ्हाइकाला पट्ट्या आवडत नाहीत, म्हणून काही कारागीर बारा हातांचे चित्र ओढून सोळा हातांचे करतात. उंची तेवढीच राहते, रुंदी मात्र एक तृतीयांशाने वाढते. सडपातळ माणूस लठ्ठ होतो, कपाळावरचे कुंकू लांबोळके होते आणि चाक अंड्यासारखे दिसते.

यावरची परीक्षा फार सोपी आहे. चित्रात एखादी गोल वस्तू शोधावी: गाडीचे चाक, जेवणाचे ताट, विहिरीची गरारी किंवा घड्याळ. कॅमेऱ्यासमोर सरळ असलेली ती वस्तू गोल दिसली तर चित्र खरे. आडवी पसरली तर चित्र ताणले आहे आणि उभी लांबली तर ते दाबले आहे. यासाठी इंजिनिअर लागत नाही, डोळे लागतात. माझ्या मायने तर चाकाशिवायच ओळखले होते.

भाच्याने त्या चित्राची उंची तशीच ठेवून रुंदी १०० टक्क्यांवरून ७५ टक्के केली. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधोमध आमचे बाबूजी उभे राहिले. तसेच उंच, तसेच वाळलेले, खांद्यावर दुपट्टा टाकलेले. माय एवढेच म्हणाली, “आता आले.”

ताणलेले सुटते, कापलेले जाते

पण दुसरी कॅसेट अजून बाकी होती. ती लावली तेव्हा चाके गोल होती, माणसे खरी होती आणि पडदाही भरलेला होता. आम्हाला वाटले, हे काम चांगले झाले. तेवढ्यात ताई म्हणाली, “माझ्या हळदीच्या वेळी आजी खाली चटईवर बसली होती. ती कुठे आहे?”

आजी नव्हती. पडद्याच्या खालच्या कडेला एका पांढऱ्या डोक्याची कड हलताना दिसत होती, तेवढीच.

या वेळी कारागिराने चित्र ताणले नव्हते, कापले होते. बारा हातांचे चित्र चारही बाजूंनी सारखे मोठे करून सोळा हात रुंद केले की उंचीही नवाची बारा होते; पडदा मात्र नऊच हात उंच असतो. म्हणून वरचे आणि खालचे मिळून तीन हात चित्र पडद्याबाहेर जाते. म्हणजे एकूण चित्राचा चौथा हिस्सा गेला. कधी त्यात आभाळ जाते, कधी मांडवाचे छत, तर कधी आजी.

दोन्ही चुकांत मोठा फरक आहे. ताणलेल्या चित्रात काही हरवत नाही. दोरी सैल सोडावी तसे ते पुन्हा जागेवर येते. कापून तयार केलेल्या फायलीत मात्र कापलेला भाग नसतोच. कोणतेही सॉफ्टवेअर, कितीही महागडे असो, तो परत आणू शकत नाही. धान कुटताना कोंडा उडाला तर चालते. दाणाच उडाला तर काय कुटणार?

दैव एवढे चांगले की मी दोन्ही कॅसेटी परत मागून आणल्या होत्या. “आता यांचे काय काम?” असे दुकानात कोणी तरी म्हणाले होते. त्या दिवशी मी हो म्हटले असते, तर आजी कायमची गेली असती.

भाच्याने दुसऱ्या एका जाणकाराकडून कॅसेटी पुन्हा उतरवून घेतल्या आणि स्पष्ट सांगितले: “आहे तेवढे संपूर्ण चित्र द्या. ताणू नका, कापू नका, पट्ट्या राहू द्या.” नवी फाईल आली. खालच्या कडेला जुन्या कॅसेटीत असते तशी थरथरणारी रेघ होती, आणि तिच्या जरा वर, चटईवर, आजी. ती वाटीत बोट बुडवते, ताईच्या पायाला हळद लावते आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसते. सगळे मिळून अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांसाठी आम्ही तीन चकरा मारल्या आणि त्या वाया गेल्या असे घरात कोणी म्हणत नाही.

हरवलेले लेबल

आता थोडे कामाचे. हे घरातल्या जाणत्या मुलामुलींना वाचायला द्यावे.

डिजिटल चित्र म्हणजे ठिपक्यांची रोवणी समजा. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आपल्या देशातल्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीत, म्हणजे पाल पद्धतीत, एका आडव्या ओळीत ७२० ठिपके आणि अशा ५७६ ओळी असतात. हिशेब केला तर हे प्रमाण पाचास चार येते, चारास तीन येत नाही. कारण तिथले ठिपके चौरस नसून किंचित रुंद मानलेले असतात. पुढे रुंद पडद्याचे डिजिटल कॅमेरे आले तेव्हा छोट्या कॅसेटीवरही तेवढेच ७२० बाय ५७६ ठिपके ठेवले. फक्त प्रत्येक ठिपका आणखी रुंद आहे असे मानायचे ठरले. म्हणजे पोते तेच, माल तेवढाच, लेबल वेगळे. फाईलमध्ये एक लहानशी खूण असते: हे चित्र चारास तीन आहे की सोळास नऊ.

बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल निघाले तर जी गत होते, तीच ही खूण हरवली की होते. माझ्या धाकट्या भावाचे लग्न २००८ साली झाले. त्याचे शूटिंग रुंद पद्धतीने केलेले होते. ते जुन्या मापाच्या प्रकल्पात टाकले तेव्हा सगळे वऱ्हाड उभे लांबले. नवरदेव बांबूसारखा, घोडी हरणासारखी, आणि आमच्या गलेलठ्ठ व्याह्यांचे गाल बसलेले. लोक हसून लोळले. पण चूक बाबूजींच्या वेळी झालेलीच होती, फक्त उलट्या बाजूने.

उपाय असा. चित्र जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तुकड्याचे गुणधर्म पाहता येतात. तिथे ‘पिक्सेल अॅस्पेक्ट’ किंवा ‘अॅस्पेक्ट रेशो’ असे सदर असते. जुन्या कॅसेटीचे चित्र असेल तर चारास तीन निवडावे, रुंद असेल तर सोळास नऊ. चौरस ठिपक्यांत बदलून ठेवायचे झाल्यास ७२० बाय ५७६ चे जुने चित्र ७६८ बाय ५७६ करावे आणि रुंद चित्र १०२४ बाय ५७६. एचडीव्ही नावाच्या कॅसेट-कॅमेऱ्यांत १४४० बाय १०८० ठिपके असत. ते चौरस ठिपक्यांच्या मापात १९२० बाय १०८० होतात. आजच्या मोबाइलचे ठिपके चौरसच असतात, त्यामुळे त्यांच्यापुरती ही कटकट उरलेली नाही.

डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, शॉटकट, केडेनलाइव्ह ही सॉफ्टवेअरे पैसे न देता मिळतात आणि या सर्वांत हे काम होते. नुसते पाहायचे असेल तर संगणकावरच्या व्हीएलसीमध्ये ‘ए’ हे बटन दाबत गेले की चित्राची प्रमाणे बदलतात. चाक गोल दिसले की थांबावे.

हा रुंदपणा आला कुठून?

चित्र चारास तीन का आणि सोळास नऊ का, असा प्रश्न कोणालाही पडेल. सुरुवातीच्या मूकपटांची फिल्म ३५ मिलिमीटरची आणि तिच्यावरचे चित्र चारास तीनच्या मापाचे असे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला तो याच मूकपटांच्या जमान्यात. पुढे टीव्ही आला आणि त्याने तेच माप उचलले. टीव्ही घरात आल्यावर अमेरिकेत लोक सिनेमागृहाकडे कमी फिरकू लागले. तेव्हा सिनेमावाल्यांनी विचार केला की, घरच्या डब्यात मावणार नाही एवढे रुंद चित्र दाखवावे. १९५३ साली ‘द रोब’ हा सिनेमास्कोप चित्रपट पडद्यावर आला.

त्याची युक्ती मोठी मौजेची आहे. हेन्री क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केलेल्या भिंगाच्या तत्त्वावर, चित्र घेतानाच ते आडव्या बाजूने निम्मे दाबून फिल्मवर बसवीत. फिल्मवर सगळी माणसे उभट दिसत. दाखवताना यंत्राला उलट भिंग लावून चित्र दुप्पट पसरवीत की माणसे पूर्ववत. लाकडी पेटीत सतरंजी घडी करून न्यावी आणि मांडवात उलगडावी, तसेच हे. आपल्या देशातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’, १९५९ चा, छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे. दाबलेले चित्र उलगडायचे विसरले की काय होते, ते आमच्या भावाच्या वऱ्हाडाने दाखवलेच आहे.

सोळास नऊ हे माप १९८० च्या दशकात सुचवले गेले. केर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने तेव्हा प्रचलित असलेल्या सर्व मापांचे, पण सारख्याच क्षेत्रफळाचे आयत कापले आणि त्यांचे मध्यबिंदू जुळवून एकावर एक ठेवले. ते सगळे ज्या मोठ्या आयतात मावले आणि त्या सगळ्यांत मिळून जो लहान आयत समाईक निघाला, ते दोन्ही जवळपास सोळास नऊ प्रमाणाचे भरले. म्हणजे हे माप कोणाचेच नाही आणि सगळ्यांना थोडेथोडे सोयीचे आहे. भावाभावांच्या वाटणीत पंच काढतात तसा हा मधला धुरा. म्हणूनच आज जुना चित्रपट लावला तर बाजूला पट्ट्या येतात आणि सिनेमास्कोप लावला तर वर-खाली येतात. पट्टी म्हणजे बिघाड नव्हे. चित्र पुरे दाखवले आहे, याची ती साक्ष आहे.

मोबाइल उभा की आडवा?

आता आजच्या चुकीकडे वळू. पोरे मोबाइल उभा धरून नाटक काढतात. उभे चित्र नऊ हात रुंद आणि सोळा हात उंच असते. ते टीव्हीवर लावले तर पडद्याचा एक तृतीयांशही भाग भरत नाही. आणि झाडीपट्टीचे नाटक तर आडव्या रंगमंचावरचे. एका कोपऱ्यात खलनायक, दुसऱ्या कोपऱ्यात नायिका, खाली पेटी-तबलेवाले. उभ्या चौकटीत यातला एकच माणूस मावतो. झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी आयुष्य वेचणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. एवढा मान मिळालेल्या कलेचे चित्रण निदान तिच्या रुंदीएवढे तरी असावे!

रोवणीची बायांची रांग, शंकरपटाची दान, मामा तलावाची पाळ, दंडारीतले नाचणारे पोर, पंगत हे सगळे आडवे पसरलेले आहे. त्यासाठी मोबाइल आडवा धरावा. एकटा माणूस बोलत असेल किंवा चित्र फक्त मोबाइलवरच पाहायचे असेल, तर उभा धरला तरी बिघडत नाही. बांधीत मान उंचावून उभा असलेला एकटा सारस उभ्या चौकटीत छान बसतो. जोडीने नाचणारे सारस मात्र आडव्यातच काढावेत, नाही तर एकाचा पंख बाहेर जातो.

जोडकाम करणाऱ्याने चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, चित्र कुठे पाहिले जाणार ते आधी ठरवून प्रकल्पाचे माप तसे ठेवावे. टीव्हीसाठी १९२० बाय १०८० पुरेसे आहे. दुसरी, जुने किंवा उभे चित्र मध्ये ठेवून बाजू काळ्या राहू द्याव्यात. फारच आग्रह झाला तर त्याच चित्राची अंधुक प्रत मागे पसरावी, पण मूळ चित्र ताणू नये. तिसरी, कापायचेच असेल तर एकेक प्रसंग पाहून चौकट वर-खाली सरकवावी. सगळ्या व्हिडिओला एकच कात्री लावू नये. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, मूळ कॅसेट आणि पहिली संपूर्ण फाईल कधीही टाकून देऊ नये. बियाण्याचा धान कोणी दळून खात नाही.

या हंगामात एवढे करा

व्हीएचएसची यंत्रे आता नवी मिळत नाहीत. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये ते काम थांबवले. जी यंत्रे आहेत ती जुनी होत चालली आहेत, आणि ओलाव्याने कॅसेटीवर बुरशी चढते. आपल्याकडचा पावसाळा कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून हा मोकळा हंगाम साधून कॅसेटी उतरवून घ्याव्यात. दुकानात देताना कागदावर लिहून द्यावे: संपूर्ण चित्र हवे, ताणणे नको, कापणे नको, कॅसेट परत हवी. पेन ड्राइव्ह मिळाल्यावर पैसे देण्याआधी तिथेच लावून पाहावा आणि चाक गोल आहे की नाही ते तपासावे. फाईलच्या दोन प्रती दोन घरी ठेवाव्यात. एक माहेरी, एक सासरी.

भाचीचे लग्न झाले. रात्री मांडवात टीव्ही लावला. बाबूजी दारात उभे राहून पाहुण्यांना हात जोडत होते. एक पाहुणा म्हणाला, “या काळ्या पट्ट्या कशाला? पडदा भरून घ्या ना!”

माय पुढच्या चटईवर बसली होती. मान न वळवता ती म्हणाली, “राहू दे बापा. माणूस पुरा दिसते ना?”

त्यानंतर पट्ट्यांविषयी कोणी बोलले नाही. थोड्या वेळाने आजी आली, हळद लावून हसली, आणि गेली. मग लेकराबाळांनी ते अकरा सेकंद आणखी चार वेळा लावायला लावले.